सेवकाचा प्रस्ताव: ग्रंथमित्र पुरस्कारासाठी दप्तर कसं तयार होतं

ग्रंथालय संचालनालयाचं पुरस्कारांचं आवाहन निघालं, की जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि तालुक्यातालुक्यांत लगबग सुरू होते. मुदत थोडी असते. कपाटावरचे अल्बम खाली येतात, वर्तमानपत्रांची कात्रणं शोधली जातात, झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होते. आणि बऱ्याच ठिकाणी चित्र असं असतं, की वर्षानुवर्षं दारोदार पुस्तकं पोचवणारा ग्रंथपाल संगणकापुढे बसून कार्यवाहांच्या पुरस्काराचा प्रस्ताव टाइप करतोय. त्याचा स्वतःचा प्रस्ताव करायचं कुणाच्या मनात आलेलं नसतं. त्याच्याही नाही.

असे प्रस्ताव तयार करताना, तपासताना आणि परत आलेले पुन्हा जुळवताना जे कळत गेलं ते इथे मांडतो आहोत. भर एकाच गोष्टीवर आहे. जी माणसं ग्रंथालयाची पायरी चढू शकत नाहीत, छापील अक्षर वाचू शकत नाहीत, वर्गणी भरू शकत नाहीत किंवा वर्षातले सहा महिने गावातच नसतात, त्यांच्यासाठी सेवक जे काम करतो त्याला नेहमीच्या दप्तरात रकानाच नाही. रकाना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून पुरस्काराच्या वेळी दाखवायला काही नाही.

आधी पुरस्कार नीट ओळखून घ्यावेत, कारण पहिली गफलत इथेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार संस्थेला मिळतो, अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार (अ सगळ्यात मोठ्या आणि ड सगळ्यात लहान ग्रंथालयांचा वर्ग). डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा ग्रंथमित्र पुरस्कार व्यक्तीला मिळतो, आणि त्यात दोन वेगळ्या रांगा आहेत: कार्यकर्ता आणि सेवक. कार्यकर्ता म्हणजे अध्यक्ष, कार्यवाह, संचालक असे मानद पदाधिकारी. सेवक म्हणजे ग्रंथालयात पगारावर काम करणारी व्यक्ती. राज्यातून एक कार्यकर्ता आणि एक सेवक, शिवाय प्रत्येक महसुली विभागातून एकेक, अशी रचना आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यस्तरावर ५० हजार आणि विभागस्तरावर २५ हजार रुपये, सोबत सन्मानचिन्ह आणि सन्मानपत्र असं त्याचं स्वरूप आहे. विभाग सहा. म्हणजे अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयांच्या राज्यात वर्षाला जेमतेम सात सेवक निवडले जाणार. वय, सेवेची वर्षं, आधी मिळालेले पुरस्कार याबद्दलच्या अटी त्या त्या वर्षीच्या आवाहनात वाचाव्यात. गेल्या वर्षीचा नमुना काढून त्यात नावं बदलू नयेत, त्यात वेळ जातो आणि प्रस्तावही परत येतो.

सेवक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ग्रंथपालच येतो. पण मोठ्या ग्रंथालयात दृष्टिहीन वाचकाला हाताला धरून आत आणणारा, चाकाची खुर्ची पायरीवरून उचलणारा, आजीबाईंच्या घरी पिशवी नेणारा बहुतेक वेळा शिपाई किंवा निर्गम सहायक, म्हणजे पुस्तकांची देवघेव बघणारा, असतो. त्यांचं नाव पुढे करायला हरकत आहे का, एवढं जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावं. पदानं लहान म्हणून आपणच त्यांना आधी गाळून टाकू नये.

पगाराचंही बोलायला हवं, कारण प्रस्ताव वाचणाऱ्याला त्याची जाणीव असते आणि लिहिणारे मात्र संकोचतात. २०२२-२३ मधल्या ६० टक्के वाढीनंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. त्यातलं निम्मं वेतनावर गेलं असं धरलं तरी महिन्याला दोन हजार रुपये पडतात. ड वर्गात माणूस एकच: तोच ग्रंथपाल, तोच लिपिक, तोच झाडू मारणारा. अनुदान हप्त्यांत येतं आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो. या माणसानं स्वतःच्या पेट्रोलवर घरपोच पुस्तकं दिली असतील तर ते प्रस्तावात आकड्यानिशी लिहावं. त्यात लाजण्यासारखं असेल तर ते त्याच्या बाजूनं नाही.

आता मुख्य काम: नोंदवही.

ग्रंथालयात दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी) असते, देवघेव नोंदवही असते, सभासदांची आणि रोजच्या वाचकांच्या सह्यांची वही असते, शेरेबुक असतं. या सगळ्या वह्या पुस्तकं, पैसे आणि माणसं मोजतात. एका दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी ग्रंथपालानं दुपारभर बसून दोन प्रकरणं स्कॅन केली, हे त्यांपैकी कशातच बसत नाही. देवघेव वहीत तर त्या दिवशी शून्य दिसतं, कारण पुस्तक बाहेर गेलेलंच नाही. म्हणून एक स्वतंत्र वही घालावी. दोनशे पानी फुलस्केप पुरते. रकाने आठ: तारीख, सभासद क्रमांक, मागणी, दिलं काय, कुठल्या रूपात, लागलेला वेळ, सेवा देणाऱ्याची सही, आणि शेवटचा रुंद रकाना ‘अडलं तर का’.

मागणी आणि दिलं काय हे दोन रकाने वेगळे ठेवण्यातच सगळी गंमत आहे. एकत्र ठेवले तर माणूस फक्त जमलेलं लिहितो. वेगळे ठेवले की न जमलेलंही दिसतं, आणि तीन-चार महिन्यांनी तीच मागणी जमायला लागलेली दिसते. निवड समितीला सेवकाची वाढ दाखवणारा यापेक्षा सोपा पुरावा नाही. नोंद कशी असावी ते पाहा: ‘१४ जुलै. सभासद २१७. मागणी: बारावी राज्यशास्त्राच्या नोट्स ऐकण्यासाठी. दिलं: पहिली १२ पानं. रूप: मजकूर फाइल, पेन ड्राइव्हवर. वेळ: २ तास ४० मिनिटं. अडलं: क्लासनं दिलेली फाइल जुन्या फॉन्टमध्ये, स्क्रीन रीडर वाचत नाही. छापून, स्कॅन करून, ओसीआर केलं. रफार आणि जोडाक्षरं हातानं दुरुस्त.’ पाच ओळी. (स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम; ओसीआर म्हणजे स्कॅन केलेल्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं.) अशा चाळीस नोंदी झाल्या की भाषणबाजीची दोन पानं आपोआप गळून पडतात.

या नोंदीतला शेवटचा अडथळा जवळजवळ प्रत्येक ग्रंथालयात येतो म्हणून त्यावर थोडं थांबू. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत साठलेली अक्षरं रोमन असतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, साध्या विंडोज संगणकावर चालतो आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांतलं, मराठी ई-स्पीकच्या यांत्रिक आवाजात का होईना, नीट वाचतो. जुन्या फॉन्टची फाइल दिली की तो इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचत सुटतो. मग सेवकाला वाटतं संगणक बिघडला, वाचकाला वाटतं आपल्याला वापरता येत नाही, आणि सेवा तिथेच बंद पडते. उपाय दोन. फाइल हाताशी असेल तर फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायची. नसेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करून ओसीआर करायचं. ओसीआर करताना पुस्तक मधोमध दाबून सपाट करावं लागतं, नाहीतर शिवणीजवळच्या अक्षरांची वाट लागते. दोन स्तंभांचं पान असेल तर स्तंभ वेगळे करून घ्यावे लागतात, नाहीतर डावी-उजवी ओळ एकमेकीत मिसळते. झालेला मजकूर एकदा स्क्रीन रीडरवर ऐकून तपासावा. डोळ्यांना न दिसणारी चूक कानाला लगेच कळते.

इथे कार्यकारी मंडळातले कुणीतरी हमखास कॉपीराइटचा मुद्दा काढतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक विनानफा करून द्यायला मुभा आहे, आणि दृष्टिहीनांच्या वाचनहक्काचा २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. मंडळाच्या ठरावात हे एक वाक्य घालून ठेवलं की सेवकाच्या मानेवरची टांगती तलवार जाते. फाइल मात्र त्याच वाचकाला द्यायची. अभ्यासिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली तर ती मुभा राहत नाही.

प्रत्येक पुस्तक आपणच करत बसायची गरजही नाही. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, तयार फाइली आहेत. मुद्रित मजकूर वाचता येत नसल्याचा पुरावा देऊन वाचकाची नोंदणी करून देणं, त्याच्या मोबाइलवर पुस्तक उतरवून देणं आणि पहिल्या दोन-तीन वेळा शेजारी बसणं, हे ग्रंथालयसेवेचंच काम आहे आणि त्याचीही नोंद व्हायला हवी. ब्रेलचं गणित वेगळं. छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं होतात, त्यामुळे एका मध्यम कादंबरीचे तीन-चार जाड खंड होतात. ते आडवे एकावर एक रचले तर खालच्या खंडांचे ठिपके दबून सपाट होतात. उभे, सैल ठेवावे लागतात. म्हणजे फळीवर जागा जास्त लागते, आणि ती जागा अभ्यासिकेच्या टेबलांशी भांडून मिळवावी लागते. गावात ब्रेल वाचणारा एकही नसताना ब्रेलचं कपाट सजवून फोटो काढणारी ग्रंथालयं आहेत. तपासणीला येणारा माणूस त्यातला एक खंड उचलून बघतो. पानांना नव्या कागदाचा करकरीत आवाज येतो आणि देवघेव वहीत त्या दाखल क्रमांकासमोर एकही तारीख नसते. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक एका वाचकासाठी मागवलं आणि दर अंक त्याच्यापर्यंत पोचल्याची सही घेतली, तर ते या कपाटापेक्षा वजनदार ठरतं.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सेवकाच्या हातात नसते. उतार १:१२ चा हवा. म्हणजे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर उतार बारा फूट लांब लागतो. तीन फुटांत बसवलेला उतार मालाच्या हातगाडीसाठी ठीक, माणसासाठी धोकादायक. दरवाजा आणि दोन रॅकमधली वाट तीन फूट, खुर्ची वळवायला पाच फुटांचं वर्तुळ. सेवकानं रॅक सरकवून वाट मोकळी केली असेल तर आधीची आणि नंतरची रुंदी टेपनं मोजून लिहावी. जिथे काहीच शक्य नसतं तिथे दारातच एक घंटा, खाली एक टेबल आणि पुस्तक खाली आणून देण्याची पद्धत बसवणारे सेवक आहेत. त्याला खर्च जवळजवळ शून्य, आणि वर्षाअखेर वहीत नोंदी भरपूर.

घरपोच सेवा ज्येष्ठांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असते. यात चूक होते ती दप्तराची. पुस्तक घरी दिलं जातं, वेगळ्या वहीत लिहिलं जातं, पण मुख्य देवघेव नोंदवहीत चढवायचं राहून जातं. तपासणीत दोन वह्या जुळत नाहीत आणि खरी सेवा खोटी वाटायला लागते. म्हणून दोन्हीकडे नोंद, त्याच दिवशी. प्रत्येक घरच्या वाचकाचं एक कार्ड असावं, त्यावर वाचून झालेली पुस्तकं. नाहीतर एकच कादंबरी तिसऱ्यांदा पोचते. मराठीत मोठ्या टायपातली पुस्तकं फारशी निघत नाहीत, त्यामुळे पिशवीत एक चांगलं भिंग ठेवणं आणि हवी ती एखादी कथा १८ पॉइंटात छापून नेणं एवढंच करता येतं. तेही पुष्कळ होतं.

सगळ्यात अवघड गट हंगामी स्थलांतर करणाऱ्यांचा. बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची मुलं बरोबर जातात. ग्रंथालयाचे नियम स्थायिक माणसासाठी केलेले: अनामत, मासिक वर्गणी, पंधरा दिवसांत परतफेड. यातलं एकही या कुटुंबाला जमत नाही. काही सेवक तीस-चाळीस बालपुस्तकांची पेटी टोळीबरोबर देतात, आणि खरा प्रश्न तिथे उभा राहतो. परत येताना दहा पुस्तकं कमी भरतात, चार फाटलेली असतात. नियमाप्रमाणे भरपाई कोणाकडून? बहुतेक ग्रंथालयांत उत्तर एकच असतं, ग्रंथपालाच्या पगारातून. दोन हजार पगाराचा माणूस दुसऱ्या वर्षी पेटी कशाला देईल? म्हणून सेवा सुरू होण्याआधी मंडळाचा ठराव हवा: या पेटीतली इतकी टक्के पुस्तकं गहाळ होणं गृहीत धरलं आहे, हंगाम संपल्यावर ती खारीज करावीत. खारीज करताना दाखल नोंदवहीत त्या त्या क्रमांकासमोर ठराव क्रमांक आणि तारीख. गहाळ पुस्तकांचा आकडा प्रस्तावात लपवू नये. चाळीसपैकी चाळीस पुस्तकं कोरी करकरीत परत आली असं लिहिलं, तर पेटी उघडलीच नाही असं जाणकार समजतात.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, पालघरात वारली बोलणाऱ्या मुलांसाठी छापील साहित्य तुटपुंजं आहे. तिथे मराठी पुस्तक हातात धरून गोष्ट त्यांच्या बोलीत सांगणारी माणसं गावातच सापडतात, बहुधा एखादी आजी. सेवकाचं काम तिला बोलावणं, तिच्या येण्याजाण्याचं बघणं, ऐकायला आलेल्यांची संख्या लिहिणं. सांगणारीचं नाव तिच्या परवानगीनं प्रस्तावात यायलाच हवं. सेवकाच्या कामाचा मोठेपणा त्यानं कमी होत नाही.

नोंदी ठेवताना एक पथ्य पाळावं लागतं. वहीत नाव लिहायचं नाही, सभासद क्रमांकच. अपंगत्वाचा प्रकार लिहायचाच असेल तर सांकेतिक खूण, आणि तिची किल्ली वेगळ्या जागी. जात, आजार, टक्केवारी यांचा रकाना काढायचा मोह होतो, कारण अहवालात आकडे छान दिसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यातले बरेच अंगावर दिसत नाहीत आणि दिसू नयेत असंच त्या वाचकाला वाटत असतं. तृतीयपंथी वाचकाचं नाव तो किंवा ती सांगेल तेच लिहावं. फोटोसाठी लेखी संमती, अल्पवयीन असेल तर पालकाची. ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, चार मुलांना रांगेत उभं करून पुष्पगुच्छ देतानाचा फोटो प्रस्तावातून सरळ काढून टाकावा. तो कार्यक्रमाचा पुरावा आहे, सेवेचा नाही.

वर्षाची वही हाताशी असली की प्रस्ताव लिहिणं दोन बैठकींचं काम. कार्याच्या वर्णनात ‘समाजातील सर्व घटकांपर्यंत वाचनसंस्कृती रुजवली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रस्तावात असतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात: आधी काय होत नव्हतं, सेवकानं नेमकं काय बदललं, आता काय होतं. ‘अनामत भरता येत नाही म्हणून पारधी वस्तीतलं एकही मूल सभासद नव्हतं. ग्रंथपालांनी अनामत माफीचा प्रस्ताव मंडळापुढे मांडला, ठराव क्रमांक अमुक. आज वस्तीतली इतकी मुलं सभासद, इतकी नियमित.’ नियमित म्हणजे काय तेही सांगावं, उदाहरणार्थ महिन्यातून दोनदा पुस्तक बदलणारं. संस्थेचं आणि सेवकाचं काम वेगळं दाखवावं. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून संगणक मिळाला असेल तर ते संस्थेचं यश. त्या संगणकावर एनव्हीडीए टाकून तो वापरायला शिकवणं हे सेवकाचं.

वाचकांची पत्रं जोडायची असतात, आणि इथे सगळ्यात जास्त खोटेपणा शिरतो. एकाच हस्ताक्षरातली, ‘आदर्श’, ‘तळमळीचे’, ‘निःस्वार्थी’ या शब्दांची दहा पत्रं दहा सह्यांनिशी जोडली जातात. त्यापेक्षा तीनच असावीत. दृष्टिहीन वाचकाला स्वतः ईमेल लिहू द्यावा आणि तो तसाच, शुद्धलेखन न सुधारता, छापावा. लिहिता न येणाऱ्यानं सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून खाली अंगठा आणि लिहून घेणाऱ्याचं नाव. आमदार-सरपंचांची शिफारसपत्रं लावायला हरकत नाही, पण ती मागे.

मग जुळवाजुळव. विहित नमुन्यातला अर्ज मागितलेल्या प्रतींमध्ये, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला हातानं क्रमांक. फोटो आठ-दहा, प्रत्येकाखाली तारीख आणि ठिकाण. स्वतंत्र वहीतली सलग एका महिन्याची पानं साक्षांकित करून जोडावीत. निवडक पानं नकोत, कारण निवडलेली पानं निवडलेलीच दिसतात. अडकतं ते बहुतेक वेळा अगदी साध्या गोष्टींवर. मंडळाच्या ठरावाची तारीख पत्राच्या तारखेनंतरची निघते. सेवकाचं नाव नेमणूकपत्रात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला ग्रंथपालांच्या बाबतीत तर हे ठरलेलंच, त्यामुळे नावबदलाचा कागद आधीच लावून टाकावा. नेमणूकपत्र सापडत नाही कारण ग्रंथालयानं ते कधी दिलंच नव्हतं. तेव्हा जुन्या वार्षिक अहवालांतली कर्मचाऱ्यांची यादी आणि वेतनपत्रकं उपयोगी पडतात. प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. एवढं करून पोच न घेणारे निघतातच.

पडताळणीला कुणी आलं तर सेवकाला बोलू द्यावं. कार्यवाहांनी चहाची व्यवस्था बघावी. येणारा बहुधा दोन वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवतो, एखाद्या वाचकाला फोन लावतो आणि एनव्हीडीए सुरू करून दाखवायला सांगतो. संगणकाचं हेडफोन त्या दिवशी कुलूपबंद कपाटात असेल तर उरलेल्या प्रस्तावाला फारसा अर्थ राहत नाही.

सात जागांसाठी राज्यभरातून प्रस्ताव जातात, तेव्हा बहुतेकांना पुरस्कार मिळणार नाही हे उघड आहे. म्हणून वर्षभराच्या वहीचा आधार घेऊन तालुका किंवा जिल्हा पातळीवर आपलाच सन्मान सुरू करणं जास्त कामाचं वाटतं. रंगनाथन यांची जयंती, १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून पाळली जातेच. जिल्ह्याचा ग्रंथोत्सवही असतो. निवड समिती पाच जणांची पुरे, पण त्यात निदान दोघं त्या सेवेचे वाचक असावेत. एखादा दृष्टिहीन पदवीधर, एखादी घरपोच पुस्तकं घेणारी निवृत्त शिक्षिका. पदाधिकाऱ्यांच्या समितीला टापटीप आवडते, वाचकांना उपयोग कळतो. आपल्या ग्रंथालयाचा सेवक विचारात असेल तेव्हा त्या सदस्यानं बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

रकमेचा प्रश्न आला की शाल-श्रीफळावर भागवायची सवय आहे. पाच हजार रुपये, तेही थेट बँक खात्यात, हे ड वर्गाच्या ग्रंथपालाला अडीच महिन्यांच्या पगाराएवढे होतात. लोकवर्गणीतून तेवढे उभे राहतात. पैसे शक्य नसतील तर ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गाची फी भरावी किंवा पेट्रोलचं मागचं देणं चुकतं करावं. शासकीय अनुदानातून हा खर्च टाकू नये. लेखापरीक्षणात तो नामंजूर होईल आणि वसुलीची वेळ आली तर सत्काराचा सगळा विचका होईल. सन्मानपत्रावर नेमकं काम लिहावं: ‘सलग दोन हंगाम ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी पुस्तकपेटी चालवल्याबद्दल’. नुसतं ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ लिहिलेलं पत्र पुढे कुठल्याच प्रस्तावाला लावता येत नाही.

समारंभाची जागा ठरवताना व्यासपीठाला उतार आहे का ते आदल्या दिवशी जाऊन बघावं. ज्या वाचकांच्या नावानं हा सगळा खटाटोप, त्यांनाच पहिल्या रांगेतून वर येता आलं नाही असे प्रकार होतात. कर्णबधिर वाचक येणार असतील तर खुणांच्या भाषेचा दुभाषी जवळच्या मूकबधिर विद्यालयातून मिळतो, फक्त आठवडाभर आधी सांगावं लागतं आणि त्याला मानधन द्यावं लागतं. एकहाती ग्रंथालयातला सेवक सत्काराला आला म्हणजे त्या दिवशी ग्रंथालय बंद. मंडळातल्या कुणीतरी दार उघडून बसावं, नाहीतर तपासणीत तो दिवस बंद म्हणून लागतो. आणि सत्काराच्या ठरावाची प्रत त्याच आठवड्यात सेवकाच्या वैयक्तिक फाइलला लावून टाकावी. पुढच्या वर्षी संचालनालयाचं आवाहन येईल तेव्हा कार्यवाह बदललेले असतात आणि ती प्रत कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.